एकही घसा खाकरला नाही

तेल्मो त्या शुक्रवारी नक्की कुठे होता, हा प्रश्न ग्रासिंदाच्या डोक्यातून काही केल्या जाईना. सुईत दोरा ओवताना, कोबीचं सूप ढवळताना, जिना चढताना मध्येच दम खायला थांबली की तो पुन्हा समोर उभा. मुलगा एकतीस वर्षांचा. संध्याकाळी कुठे जातोस हे आईनं विचारायचे दिवस केव्हाच सरले होते. पण कुठे गेलो होतो हे त्यानं स्वतःच, सात माणसांसमोर, बारीकसारीक तपशिलांसह सांगितलं होतं. आणि ते खोटं आहे असं मेस्त्री अबीलियो त्याच सात माणसांसमोर त्याच्या तोंडावर म्हणाले होते.

तेल्मो इतर बाबतीत थोडंफार खोटं बोलायचा. सगळेच बोलतात. जेवलास का विचारलं तर न जेवता हो म्हणायचा. पण फादोच्या गाण्यांच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नव्हता.

पोर्तुगालातल्या कोइंब्रा या विद्यापीठाच्या गावात विद्यार्थ्यांचे काळे झगे शिवणारी जी थोडी दुकानं उरली आहेत त्यांतलं एक मेस्त्री अबीलियोंचं. ग्रासिंदा तिथे सत्तावीस वर्षं झग्यांच्या कडा दुमडत आली होती. नवरा, आमादेउ, ट्रक चालवायचा. तेल्मो सहा वर्षांचा असताना गेला. तेव्हापासून शाळा सुटली की पोराची जागा कापड बेतायच्या टेबलाखाली. तिथे बसून तो गृहपाठ करायचा, चिंध्या जमवायचा आणि ऐकायचा. एकदा एक विद्यार्थी झगा अंगावर घालून बघायला आला, सोबत गिटार होती. झगा घालून गिटार वाजवता येते का, हे बघायला त्यानं दोन-चार सूर काढले, तर टेबलाखालून आवाज आला, "तिसरी तार उतरली आहे." विद्यार्थी हसला. मग त्यानं तार तपासली आणि हसायचा थांबला.

ही गोष्ट मेस्त्रींनी पुढे वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगितली. प्रत्येक वेळी पोराचं वय एक-दोन वर्षांनी कमी व्हायचं.

शनिवारी दुपारी एक वाजता दुकानाचं शटर अर्ध्यावर यायचं आणि मागच्या खोलीत खुर्च्या मांडल्या जायच्या. फादोचे वेडे जमायचे, ग्रासिंदाही कोपऱ्यात बसायची. आठवड्याभरात कोण काय ऐकून आला ते ज्यानं त्यानं सांगायचं, बाकीच्यांनी मध्ये मध्ये टोचायचं. नियम एकच: स्वतःच्या कानांनी ऐकलं असेल तेच सांगायचं. न ऐकता सांगणाऱ्याची खुर्ची वर्षभर भिंतीकडे तोंड करून. आजवर ही शिक्षा एकालाच झाली होती, सेवेरिनो बेकरीवाल्याला. वर्ष संपलं, खुर्ची सरळ केली, पण सेवेरिनो पुन्हा आला नाही. पुढे तो रस्त्यात दिसला तरी दुसऱ्या फुटपाथवर जायचा.

तेल्मोला चौदाव्या वर्षी खुर्ची मिळाली. एवढ्या लहान वयात कुणालाच मिळाली नव्हती. त्याला स्वतःला गाता येत नव्हतं. "गळा बापाचा घेतला आणि कान आईचे," असं ग्रासिंदा म्हणायची. कानांवरच पुढे त्याचं पोट चाललं. नदीपलीकडच्या एका बस गॅरेजमध्ये तो मेकॅनिक झाला. इंजिन चालू करायचं, डोळे मिटायचे आणि कुठला पट्टा सैल झालाय ते सांगायचं. पगार बेताचा, लग्न झालेलं नाही, एका मुलीवर जीव होता, ती पोर्तोला नोकरीला गेली आणि तिकडचीच झाली. आठवड्यातून दोन संध्याकाळी मैफल, शनिवारी मेस्त्रींची खोली, रविवारी आईकडे जेवण. एवढंच आयुष्य, आणि ते त्याला पुरत होतं.

त्या शनिवारी आधी एर्मेलिंदा बोलली. ती मासळी बाजारात सार्डिन विकायची. गुडघ्यांनी दगा दिल्यावर घरी बसली, पण जिभेनं काही निवृत्ती घेतली नव्हती. भाचीकडे लिस्बनला गेली असताना एका हॉटेलात फादो ऐकून आली होती.

"बाई बरी गात होती," ती म्हणाली, "पण लोक काय ते! शेवटची ओळ संपत नाही तोच टाळ्या. अरे, तिला श्वास तरी सोडू द्या! शेजारच्या टेबलावरच्या एकानं काटा-सुरी खाली ठेवली, टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा बटाटे."

"लिस्बन आहे ते," औषधवाले किंतिनो म्हणाले. "टाळ्या नाही वाजवल्या तर बिलात लावतात."

खोली हसली. कोइंब्रात जुन्या रीतीच्या मैफलीत टाळी वाजवणं म्हणजे चर्चमध्ये शिट्टी मारणं. इथे गाणं संपलं की अंधारात लोक घसा खाकरतात. एखाद-दुसरा घसा म्हणजे ठीक होतं. वीस-पंचवीस घसे एकदम दाटून खाकरले की गाणाऱ्यानं घरी जाऊन आईला सांगावं.

मग तेल्मोची पाळी आली. शुक्रवारी वरच्या जुन्या कॉन्व्हेंटच्या अंगणात मैफल होती.

"गाणारा पोरगा नवा आहे," तेल्मो म्हणाला. "उजव्या हातानं झग्याची कड घट्ट धरून गातो. दुसऱ्या गाण्याला गळ्याची शीर अशी तटतटली होती, की वाटलं फुटते आता. गिटारवाल्याचं मनगट बघण्यासारखं. तार ओढतो, पण मनगट जागचं हलत नाही."

"अरे, तू गाणं ऐकायला गेला होतास की नवरा मुलगा बघायला?" एर्मेलिंदानं विचारलं.

सगळे हसले. तेल्मोही हसला, जरा मागाहून.

"पण लोक दगड होते," तो पुढे म्हणाला. "शेवटचं गाणं पोरगा जीव तोडून गायला. संपलं. आणि एकही घसा खाकरला नाही. एकही! बिचारा मान खाली घालून उभा राहिला आणि तसाच आत गेला. मला आपल्या गावाची लाज वाटली."

मेस्त्री अबीलियोंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. त्यांना कापडात डाग दिसला की ते असंच करायचे.

"तेल्मो, मी होतो तिथे. उशिरा पोचलो, दाराशी उभा राहिलो. शेवटच्या गाण्यानंतर जे खाकरणं सुरू झालं ते थांबेना. अख्ख्या अंगणाला पडसं झालंय असं वाटलं. आणि तो पोरगा मान खाली घालून उभा होता, कारण रडत होता."

तेल्मो मेस्त्रींच्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग त्याचा चेहरा उतरला. पाकीट मारताना हात धरला गेला की माणसाचा उतरतो तसा.

"तू मला दिसला नाहीस," मेस्त्री म्हणाले.

"होतो मी."

"कुठे बसला होतास?"

"पुढे. पहिल्या रांगेत."

"पहिल्या रांगेत? तू?" किंतिनो ओरडलेच. "अरे, पहिली रांग पर्यटकांची, खरा सूर मागच्या भिंतीशी गोळा होतो, हे आम्हाला दहा वर्षं कुणी ऐकवलं?"

"येत्या शनिवारपर्यंत विचार कर," मेस्त्री म्हणाले, "आणि खरं काय ते सांग." तेल्मो उठून गेला. आईकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

तेव्हापासून ग्रासिंदाच्या मनात पाल चुकचुकत होती. आणि एकदा संशयाला वाट मिळाली की जुन्या गोष्टीही आपण होऊन चालत येतात. पोरगा हल्ली फोन घेत नाही. घंटा वाजून वाजून थांबते आणि पाच मिनिटांनी मेसेज येतो: "कामात होतो, माई. काय म्हणतेस?" रविवारी जेवायला येतो तेव्हा रेडिओ बंद करून बसतो, डोकं दुखतं म्हणतो. ज्याला रेडिओवाचून घास उतरत नव्हता, त्याचं? सोमवारी ती बाजाराला गेली तर ओळखीचा बस ड्रायव्हर म्हणाला, "तेल्मो आता सीटा शिवतो ना? तुमच्याच घराण्याचं काम!" ती हो हो म्हणाली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. इंजिनं सोडून सीटा? त्याला तिथून हलवलं, की त्यानंच मागून घेतलं? आणि का?

मंगळवारी तिनं एक गोष्ट केली जी तिनं आयुष्यात केली नव्हती. तेल्मोनं कोटाचं अस्तर शिवायला टाकलं होतं. तिनं त्याचे खिसे तपासले. कॉन्व्हेंटच्या मैफलीचं तिकीट सापडलं. दारावर फाडलेलं, शुक्रवारचं, पहिली रांग.

दुसरी कुठली आई असती तर तिचा जीव भांड्यात पडला असता. ग्रासिंदाचा संशय दुप्पट झाला. पहिल्या रांगेचं तिकीट तेल्मो काढणार नाही. कुणीतरी त्याला दिलं असणार, पुरावा म्हणून खिशात ठेवायला. कोण? बाई असणार. लग्न झालेली असणार, नाहीतर लपवायचं कशाला? ती मैफलीला जाते, हा तिच्या घरी... नाही, मग ती घरी कशी असेल? ग्रासिंदाचा हिशेब जुळेना, पण म्हणून काही ती बाई तिच्या डोक्यातून गेली नाही. उलट बुधवारपर्यंत तिला केस आले, लाल रंगाचे, आणि एक कुत्राही.

गुरुवारी दुपारी मेसेज आला: "आज नऊला जुन्या कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर सेरेनादची मैफल आहे. जातोय."

"बघू या जातोस का," ग्रासिंदा मोबाइलला म्हणाली.

ती पावणेनऊलाच चढ चढून पोचली. डोक्याला रुमाल, अंगात आमादेउचा जुना कोट. चौकातले दिवे मालवले होते. माणसांचे नुसते ठिपके दिसत होते. तिनं मागची भिंत चाचपली. तेल्मोची नेहमीची जागा तीच, खांबाच्या डाव्या हाताला. तिथे दोन पोरी चेस्टनट सोलून खात उभ्या होत्या. तेल्मो नव्हता.

म्हणजे मेस्त्री खरं बोलत होते. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग. ती माणसांमधून वाट काढत पुढे सरकली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. आणि अगदी पुढे, पायऱ्यांच्या तोंडाशी, परदेशी पाहुण्यांच्या घोळक्यात तिला त्याची मान दिसली. आपल्या पोराची मान अंधारातही ओळखू येते.

त्याच्या शेजारी एक बाई होती. केस लाल नव्हते, पण बाई होती. हीच ती! ग्रासिंदा दोन हातांवर जाऊन उभी राहिली. इतक्यात त्या बाईनं पलीकडच्या उंच म्हाताऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि तो तिच्याशी जर्मनमध्ये काहीतरी बोलला.

पायऱ्यांवर काळ्या झग्यांतले चौघे येऊन उभे राहिले. गाणं सुरू झालं. आवाज चांगला होता, खालच्या पट्टीतला, रात्रीला शोभणारा. तेल्मोनं डोळे मिटले नाहीत. लहानपणापासून तो डोळे मिटून ऐकायचा. त्यावरून एर्मेलिंदा त्याला झोपाळू म्हणायची. आज तो गाणाऱ्याच्या ओठांवर नजर लावून उभा होता, मान पुढे काढून, आंधळा माणूस जिना उतरताना काढतो तशी.

गाणं संपलं. क्षणभर चौक गप्प राहिला, मग मागून एक घसा खाकरला, मग दहा, मग सगळ्या भिंतींकडून. तेल्मो स्तब्ध उभा. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. लोकांच्या मुठी तोंडाशी गेलेल्या दिसल्या तेव्हा त्यानंही मूठ तोंडाशी नेली.

ग्रासिंदाला खात्री हवी होती. तिनं घसा खाकरला. सगळे गप्प झाल्यावर, एकटीनं. तेल्मो रस्त्यावर खेळत असताना ती खिडकीतून हाक मारायची नाही, नुसती अशीच खाकरायची, आणि कुठल्याही गल्लीतून पोरगा पळत यायचा. आता तो दोन हातांवर होता. हलला नाही. तिनं पुन्हा खाकरलं, जोरात. जर्मन म्हातारा मागे वळला आणि त्यानं खिशातून खोकल्याची गोळी काढून तिच्या हातावर ठेवली.

तेल्मो वळला नाही.

गोळी मुठीत घेऊन ती घरी आली. चढ उतरताना तिला तो मागाहून हसलेला आठवला, बंद केलेला रेडिओ आठवला, शीर आठवली आणि मनगट. खोलीत मेस्त्री बोलले तेव्हा उतरलेला त्याचा चेहरा आठवला. तो चोराचा चेहरा नव्हता. त्याला तोवर वाटत होतं की लोक खरंच गप्प होते. आपलं किती गेलंय हे त्याला त्या क्षणी, सगळ्यांच्या देखत कळलं होतं. आणि आपण काय केलं? खिसे तपासले. लाल केसांच्या बाईला कुत्रा दिला.

शुक्रवारी सकाळी ती दुकानात पोचली तर मेस्त्री खुशीत होते.

"मिटलं," ते म्हणाले. "पोरगा काल संध्याकाळी, तू गेल्यावर, येऊन गेला. चूक कबूल केली. उद्या सगळ्यांसमोर सांगणार, की मी त्या दिवशी गेलोच नव्हतो."

"तो असं म्हणाला तुम्हाला?"

"म्हणाला कुठला! चिठ्ठी लिहून आणली होती. मी दोन शब्द बोलायला गेलो तर हातात चिठ्ठी कोंबली आणि चालता झाला. शरम वाटत असणार. वाटू दे. एक वर्ष खुर्ची भिंतीकडे, मग पुन्हा आपला तेल्मो तो आपला तेल्मो. मी काही राग धरणारा माणूस नाही, ग्रासिंदा."

"मेस्त्री, तो गेला होता."

"आईला तसं वाटणारच."

"त्याच्या खिशात तिकीट आहे."

"तिकीट!" मेस्त्रींनी कात्री उचलली. "तिकीट काढून न जाणारे मी ढीगभर पाहिलेत. अगं, गेला असता तर त्याच्यासारख्या कानाच्या माणसाला ते खाकरणं ऐकू आलं नसतं? बहिऱ्यालासुद्धा आलं असतं."

तिच्या जिभेवर आलेलं तिथेच थांबलं. सांगावं तर एका वाक्यात सगळं मिटत होतं. मेस्त्री कात्री खाली ठेवतील, एर्मेलिंदा डोळे पुसेल, किंतिनो औषध सुचवतील, आणि सगळे उद्यापासून तेल्मोशी मोठ्यानं, हळूहळू बोलू लागतील. टेबलाखालच्या पोराची गोष्ट मेस्त्री पुन्हा कधी सांगणार नाहीत, किंवा त्याहून वाईट म्हणजे, उसासा टाकून सांगतील. पोरानं हा सगळा विचार केला असणार. खोटारड्याला वर्षभरानं परत यायची वाट आहे. त्याच्या दुखण्याला वर्ष पुरणार नव्हतं.

तिनं मान खाली घातली आणि झग्याची कड दुमडायला घेतली. दिवसभरात तिनं दोन कडा उलट्या बाजूनं शिवल्या आणि दोन्ही उसवल्या.

घरी आल्यावर तिनं वाडग्यात सूप वाढून घेतलं आणि ते निवत ठेवून बसून राहिली. गुपित त्याचं होतं. ते मेस्त्रींना सांगायचा तिला हक्क नव्हता, हे तिला पटलं होतं. पण उद्या एक वाजता तो त्या खोलीत उभा राहून जे केलं नाही ते केलं म्हणून सांगणार होता. त्यानंतर काय? सेवेरिनोसारखा फुटपाथ बदलत राहणार. मैफलींना एकटाच जाणार, पहिल्या रांगेत उभा राहून लोकांच्या मुठी मोजणार. आणि गॅरेजमध्ये मागे येणारी बस? तिचा भोंगा? आजवर त्याला कोणी डॉक्टरकडे तरी नेलंय का? आपलं दुखणं त्यानं लपवावं, हे ठीक. पण हे सगळं त्यानं एकट्यानं वाहायचं असं कोणी ठरवलं?

तिनं मोबाइल घेतला आणि मेसेज लिहायला सुरुवात केली. "पोरा, मला माहीत आहे..." आणि थांबली. मेसेजला तो मेसेजनं उत्तर देईल. काय माहीत आहे, माई? काही नाही, दमलोय. रविवारी येतो. आणि तोवर शनिवार होऊन गेलेला असेल.

तिनं लिहिलेलं पुसून टाकलं.

फोनच करायचा. तो उचलणार नाही. पुन्हा करायचा, पुन्हा, दहा वेळा, वीस वेळा. घंटा ऐकू आली नाही तरी आईचं नाव पडद्यावर लागताना-विझताना त्याला दिसेलच. आईला काही झालं असं वाटून घाबरेल. घाबरू दे. पूल ओलांडून, चढ चढून वीस मिनिटांत दारात येईल. मग त्याला समोर बसवून सांगता येईल, की काल मी तुझ्या मागे उभी होते. उद्या काय सांगायचं ते तुझं तू ठरव, खरं किंवा खोटं, पण ते मला ठाऊक आहे हे समजून ठरव.

ती उठली. स्वयंपाकघरातला एरवी बंद असलेला मोठा दिवा तिनं लावला, आपली खुर्ची ओढून बरोबर त्याच्याखाली आणली, म्हणजे तोंडावर उजेड राहील. मग चष्मा लावला, तेल्मोचं नाव काढलं आणि फोन लावला.